समुद्रशैवाल आणि प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या परिषदेत परिसर अभ्यास या विषयासंबंधी मी काही विचार मांडावेत, अशी सूचना मला झाली. पाणी, हवा, माती, झाडे, पशुपक्षी यांविषयी आपण वर्गात नेहमीच बोलतो व त्या कामी पाठ्यपुस्तकाचे साहाय्यही आपणांस मिळते. परंतु ज्या जिल्ह्याची पश्चिमेची सारी बाजू समुद्राने व्यापलेली आहे, त्या जिल्ह्यातील मुलांना ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडपांवर काय उगवते, कसे उगवते, आणि त्याचे आज काय होत आहे, हे आपण क्वचितच दाखवितो. म्हणून समुद्रातील शैवाल आणि त्यावर साचणारे प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण हा विषय मी आज निवडला आहे.

हा विषय निवडण्यास आणखी एक कारण आहे, आणि ते माझ्या स्वतःच्या एका चुकीत आहे. शिक्षकाने आपली चूक लपवू नये, असे आपण मुलांना सांगतो. तेव्हा प्रथम ती चूकच सांगतो.

२०१९ सालच्या नोव्हेंबर महिन्यातील गोष्ट. समुद्रकाठच्या एका शाळेस मी भेट दिली. त्या दिवशी तेथे किनारा-स्वच्छतेचा कार्यक्रम होता. मुलांनी मोठ्या उत्साहाने दोन तासांत पुळण अगदी लख्ख केली. बाटल्या, पिशव्या, दोरांचे तुकडे, फाटक्या चपला आणि त्यांच्या सोबतच भरतीने आणून टाकलेले ओले शेवाळ, असे सर्व खराट्यांनी एकत्र ओढून त्याचा मोठा ढीग रचला. काही मोठ्या मुलांनी तर खडपावर जाऊन तेथील जिवंत शेवाळही 'घाण' म्हणून उपटून आणले. शेवटी ढीग पेटविण्यात आला. तो ओला असल्यामुळे नीट जळेना. काळा धूर मात्र बराच वेळ येत राहिला. मी तो कार्यक्रम कौतुकाने पाहिला, शाळेच्या भेटवहीत 'स्वच्छतेचे कार्य अनुकरणीय' असा शेरा लिहिला, आणि खाली सही केली.

मी निघणार, इतक्यात चौथीतील एक मुलगी शेवाळाचा झुबका हातात घेऊन माझ्यापाशी आली. त्याच्या बारीक फांद्यांत जाळ्याचे निळे तंतू पार गुंतून गेले होते. ती म्हणाली, "गुरुजी, ह्यो दोरो सुटणा नाय." मी तो झुबका हातात घेऊन पाहिला व परत केला. तेव्हा तिने विचारले, "गुरुजी, ह्या शेवाळाक त्रास होता काय?" मी हसून म्हणालो, "अगं, शेवाळाला कसला त्रास? ते गवत आहे."

बंधुभगिनींनो, या एका वाक्यात माझ्या दोन चुका होत्या. शेवाळ हे गवत नव्हे, ही एक. आणि त्याला त्रास होत नाही असे चौकशी न करता सांगितले, ही दुसरी. भेटवहीतील शेरा ही तिसरी. त्यानंतर मिळेल ते वाचून व जाणत्यांना विचारून मी या विषयाची जी माहिती जमविली, ती आज आपणांपुढे ठेवीत आहे.

शैवाल म्हणजे काय?

जमिनीवरील गवताला मूळ असते, खोड असते, पान असते. यथाकाल त्याला फुलोरा येतो व बी धरते. समुद्रशैवालास यांपैकी काहीही नाही. जो भाग मुळासारखा दिसतो, तो खडकाला घट्ट धरून ठेवणारा केवळ एक पंजा होय. त्यास आधारक म्हणतात. त्यातून अन्न वा पाणी वर चढत नाही. शैवालाचे अन्नद्रव्य समुद्राच्या पाण्यातच विरघळलेले असते, आणि ते शैवाल आपल्या सर्वांगाने शोषून घेते. सूर्यप्रकाश घेणे, पाण्यात विरघळलेला कार्बन घेणे, प्राणवायू बाहेर सोडणे, ही सर्व कार्येही त्या बाह्य पृष्ठभागातूनच चालतात. हा मुद्दा नीट लक्षात ठेवावा. शैवालाचा पृष्ठभाग हेच त्याचे पान, तेच त्याचे मूळ आणि तेच त्याचे नाक. त्या पृष्ठभागावर काही येऊन बसले, तर त्याचा परिणाम त्याच्या साऱ्या जीवनव्यवहारावर होऊ शकतो, हे यावरून सहज ध्यानात येईल.

रंगावरून शैवालाचे तीन मोठे वर्ग करतात : हिरवे, तपकिरी व तांबडे. आपल्या खडपांवर तिन्ही आढळतात. पावसाळा संपून पाणी निवळू लागले, की उल्वा नावाचे हिरवे शैवाल कोबीच्या कोवळ्या पानासारखे खडकांवर पसरते. त्याची जाडी अवघ्या दोन पेशींची असते. तपकिरी वर्गातील सरगॅसम हे झुडुपासारखे वाढते, आणि त्याच्या फांद्यांवर मिरीएवढे हवेचे फुगे असतात. त्या फुग्यांच्या बळावर ते पाण्यात उभे राहते. पॅडिना हे पंख्याच्या आकाराचे असून त्यावर चुन्याचा पांढुरका थर दिसतो. तांबड्या वर्गातील ग्रॅसिलेरियासारखी शैवाले दोऱ्यांच्या जुडग्यासारखी असतात. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला आणि त्याच्या भोवतालचे खडक हे या सृष्टीचे जणू उघडे संग्रहालय आहे. त्या परिसरास १९८७ साली सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. बोर्गेसेन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने १९३० ते १९३५ या काळात तत्कालीन मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील शैवालांची वर्णने प्रसिद्ध केली. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या माणसाने ज्यांची मोजदाद केली, ती आपल्या दाराशी असूनही आपण त्यांस सरसकट 'घाण' म्हणावे, हे काही शोभणारे नाही.

शैवालाचा उपयोगही लहान नाही. उपवासाच्या दिवशी दुधात घालून जे चायना ग्रास आपण थिजवितो, ते तांबड्या शैवालापासूनच काढतात. तपकिरी शैवालात अल्जिन नावाचा डिंकासारखा पदार्थ असतो. दातांच्या डॉक्टरांना जबड्याचा ठसा घेण्यास लागणारे मिश्रण त्यापासून बनते. भावनगर येथे १९५४ साली स्थापन झालेली केंद्रीय लवण व सागरी रसायन संशोधन संस्था शैवालाच्या लागवडीवर व उपयोगावर काम करीत आली आहे. याशिवाय माशांची पिले, खेकडे, गोगलगाई व शिंपले यांना आसरा आणि अन्न देणारे रान म्हणजे हेच. ज्या रानात पिले वाढतात, ते रान रोडावले, तर त्याची झळ पुढे रापणीच्या जाळ्यापर्यंत येते.

प्लॅस्टिकचे कण येतात कोठून?

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. प्लॅस्टिकचे युग फार जुने नाही. बेकेलाइट १९०७ साली निघाले, पॉलिथीन १९३३ साली, आणि नायलॉन १९३५ साली. १९५० साली साऱ्या जगात मिळून सुमारे २० लाख टन प्लॅस्टिक तयार होत असे. २०१५ साली तो आकडा सुमारे ३८ कोटी टनांवर गेला. रोलंड गायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणे, २०१५ अखेर जगाने एकूण सुमारे ८३० कोटी टन प्लॅस्टिक निर्माण केले होते. आणि त्यातून जो कचरा झाला, त्यापैकी जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आला.

हे प्लॅस्टिक कुजत नाही. लाकूड कुजते, सुंभ कुजते, सुती जाळे कुजते. कारण सूक्ष्म जंतूंना ते खाता येते. प्लॅस्टिक मात्र उन्हाने ठिसूळ होते, लाटांनी व वाळूने घासले जाते, आणि त्याचे तुकडे होतात. तुकड्यांचे तुकडे होतात, परंतु प्लॅस्टिक नाहीसे होत नाही. वर्षभर उन्हात पडलेली बादली हातात घेताच जशी कुरकुरीत तुटते, तसेच हे आहे. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठातील रिचर्ड थॉम्पसन यांनी २००४ साली किनाऱ्यावरील गाळात व समुद्राच्या पाण्यात असे बारीक कण शोधून काढले, आणि तेव्हापासून सूक्ष्म प्लॅस्टिक ही संज्ञा रूढ झाली. सामान्यतः ५ मिलिमीटरहून लहान, म्हणजे मुगाच्या दाण्याएवढा किंवा त्याहून बारीक तुकडा, यास सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. यातील कित्येक कण साध्या डोळ्यांना मुळीच दिसत नाहीत.

हे कण तीन प्रकारांनी समुद्रात येतात. पहिला प्रकार मोठ्या वस्तू फुटून झालेल्या तुकड्यांचा. दुसरा तंतूंचा : नायलॉनची व इतर कृत्रिम धाग्यांची जाळी, दोर, आणि धुलाईच्या वेळी कृत्रिम कापडातून सुटणारे बारीक धागे. पूर्वी आपल्याकडील मच्छीमार सुताची व तागाची जाळी वापरीत. नायलॉनचे जाळे हलके, मजबूत व न कुजणारे म्हणून त्याने ती जागा घेतली. मच्छीमारास त्याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. त्या जाळ्याने त्याचे कष्ट वाचले आहेत. परंतु जे कुजत नाही ते फाटल्यावरही कुजत नाही, हे मात्र खरे. तिसरा प्रकार गोळ्यांचा. प्लॅस्टिकच्या वस्तू बनविण्याचा कच्चा माल साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या रूपाने जहाजांतून नेतात. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल या जहाजास आग लागली आणि जूनमध्ये ते बुडाले. त्यातून सुमारे १,६८० टन गोळ्या समुद्रात व किनाऱ्यावर सांडल्या. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्यापुढे एमएससी एल्सा ३ हे जहाज बुडाले, तेव्हाही अशाच गोळ्या केरळच्या पुळणींवर पसरल्या. आपल्या शेजारच्या गोव्यातील पुळणींवर सापडलेल्या गोळ्यांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला असून त्यांत पॉलिथीन व पॉलिप्रोपिलीन यांचे प्रमाण अधिक आढळले.

घाटाखालच्या आतल्या भागातील शिक्षक मनात म्हणतील, 'आमच्या शाळेपासून समुद्र लांब. आम्हांस याचे काय?' परंतु कणकवलीजवळून वाहणारी गड नदी काय किंवा बांद्यावरून जाणारी तेरेखोल काय, अखेर समुद्रासच मिळते. ओहोळात टाकलेली पिशवी पहिल्या मोठ्या पावसात नदीला लागते आणि तेथून खाडीला.

शैवालाचे काय बिघडते?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. शैवालास त्रास होतो काय? शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी जे दाखविले, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट चिकटण्याची. शैवालाचा पृष्ठभाग बुळबुळीत असतो, हे खडपावरून चालताना पाय घसरलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. त्या बुळबुळीत थरावर बारीक कण येऊन बसतात. आणि जेथे फांद्या दाट व बारीक असतात, तेथे तंतू अडकून राहतात. डेन्मार्कमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्यूकस नावाच्या खाद्य शैवालाचे तुकडे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढ्या प्लॅस्टिक कणांच्या पाण्यात ठेवले. कण सर्वांत अधिक चिकटले ते तुकड्यांच्या कापलेल्या कडांपाशी. कारण तेथून अल्जिनचा चिकट रस बाहेर येतो, असे संशोधकांचे अनुमान आहे. पुढे तेच तुकडे स्वच्छ पाण्याने धुतले, तेव्हा चिकटलेल्या कणांपैकी ९४.५ टक्के निघून गेले. या प्रयोगातून दोन बोध मिळतात. लाटांच्या धुण्याने शैवाल पुष्कळसे निर्मळ होऊ शकते, हा एक. आणि जखमी शैवालावर कण अधिक बसतात, हा दुसरा. आता आमच्या त्या कार्यक्रमात मुलांनी खडपावरील शैवाल अर्धवट ओरबाडले होते, त्याची आठवण करावी. आम्ही कचरा काढावयास गेलो आणि कचरा चिकटण्यास नव्या जखमा करून आलो.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात क्लोरेला व सेनेडेस्मस या गोड्या पाण्यातील एकपेशीय शैवालांवर मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढे प्लॅस्टिकचे कण सोडले. ते पेशींच्या अंगावर चिकटून बसले, पेशींचे प्रकाशसंश्लेषण मंदावले, आणि पेशींच्या घटकांना अपाय करणारी ऑक्सिजनची तीव्र रूपे वाढली. याचे कारण समजण्यास कठीण नाही. कणांनी प्रकाश अडतो, आणि पेशीचा व भोवतालच्या पाण्याचा जो अखंड देवघेवीचा व्यवहार, त्याच्या वाटेवर ते बसतात. मोठ्या समुद्रशैवालांवरील प्रयोगांतही, कणांचे प्रमाण वाढविल्यावर, वाढ आणि प्रकाशसंश्लेषण मंदावल्याचे काही ठिकाणी आढळले आहे.

तिसरी गोष्ट रसायनांची. प्लॅस्टिक मऊ राहावे, त्यास रंग यावा, उन्हाने ते लवकर बिघडू नये, यासाठी त्यात नाना रसायने मिसळलेली असतात. ती हळूहळू पाण्यात उतरतात. शिवाय पाण्यातील इतर विषारी द्रव्ये प्लॅस्टिक आपल्या अंगावर ओढून घेते, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००१ साली समुद्रात ठेवलेल्या गोळ्यांवरून दाखवून दिले. असा कण शैवालाच्या अंगास चिकटला, म्हणजे केवळ धूळ बसली असे होत नाही. एक लहानशी पुरचुंडी जवळ येऊन बसते.

चौथी गोष्ट अन्नसाखळीची. जर्मनीतील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात समुद्रातील गोगलगाईंपुढे स्वच्छ शैवाल व कण चिकटलेले शैवाल अशी दोन्ही ठेवली. गोगलगाईंनी त्यांत भेद केला नाही. दोन्ही सारखीच खाल्ली. कण त्यांच्या पोटात गेले व विष्ठेवाटे बाहेर पडले. म्हणजे शैवाल हे प्लॅस्टिक प्राण्यांच्या पोटात पोहोचविण्याचे एक द्वार ठरते. चीनमध्ये खाण्यासाठी लागवड केलेल्या नोरी नावाच्या शैवालातही असे कण मिळाले आहेत.

येथे एक इशारा देणे मी माझे कर्तव्य समजतो. वर्गात जाऊन 'प्लॅस्टिकमुळे समुद्रातील सर्व शेवाळ मरत चालले आहे' असे कोणी सांगू नये. तसे सिद्ध झालेले नाही. प्रयोगशाळेतील पाण्यात कणांचे प्रमाण बहुधा खऱ्या समुद्रातील प्रमाणाहून पुष्कळ अधिक ठेवलेले असते, आणि सर्वच शैवालांवर सारखा परिणाम दिसत नाही. काही हिरवी शैवाले तर तरंगत्या प्लॅस्टिकवरच रुजून दूरचा प्रवास करतात. शैवालाच्या ऱ्हासास समुद्राचे वाढते तापमान, सांडपाणी, गाळ व खडकांची मोडतोड ही कारणेही आहेत. तेव्हा सांगावे ते एवढेच : कण शैवालास चिकटतात, हे निश्चित, ते अधिक झाल्यास प्रकाश घेण्याच्या व वाढीच्या कामात अडथळा येतो, हे प्रयोगात दिसले आहे, आणि त्यांच्या वाटेने ते प्राण्यांच्या पोटात जातात, हेही दिसले आहे. मुलास भय घालून मिळविलेली स्वच्छता चार दिवस टिकते. कारण समजावून मिळविलेली जन्मभर टिकते.

शाळेत काय करावे?

आता प्रत्यक्ष कार्याकडे वळतो. पुढील तीन प्रयोग कोणत्याही प्राथमिक शाळेत, पैशाची तरतूद नसतानाही, करण्याजोगे आहेत.

पहिला, तरंगणे-बुडण्याचा. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळवावे. हे झाले समुद्राचे पाणी. त्यात बाटलीचे झाकण, पाण्याच्या बाटलीच्या अंगाचा कापलेला तुकडा, जाळ्याचा नायलॉनचा धागा, दुधाच्या पिशवीचा तुकडा, अशा वस्तू एकेक करून सोडाव्यात. वस्तू बोटाने पाण्याखाली दाबून, तिला चिकटलेले हवेचे बुडबुडे काढून मग सोडावी. नाही तर बुडणारी वस्तूही पृष्ठभागावर अडकून राहते व मुले चुकीचा निष्कर्ष काढतात. झाकण व पिशवी तरंगतील. बाटलीचा तुकडा व नायलॉन तळाशी जाईल. यावरून, किनाऱ्यावर जे दिसते तेवढेच प्लॅस्टिक समुद्रात आहे असे नव्हे, तळाशी शैवाल उभे असते तेथेही ते पोहोचते, हे मुलांच्या ध्यानात आपोआप येईल.

दुसरा, प्रकाशाचा. अंगणातील हिरवळीवर एक पाट आठ दिवस ठेवावा. उचलल्यावर खालचे गवत फिके व पिवळे झालेले दिसेल. 'ज्याला प्रकाशावर जगावयाचे आहे, त्याच्यावर काही झाकले तर काय होते?' हा प्रश्न विचारून मग शैवालाकडे यावे. शैवालावरील कण पाटाप्रमाणे सर्व झाकीत नाहीत, थोडे थोडे झाकतात, हेही सांगावयास विसरू नये.

तिसरा, धुण्याचा. भरतीने किनाऱ्यावर टाकलेल्या शैवालाचा एक झुबका घ्यावा. तो पातेलीभर गाळलेल्या पाण्यात खळबळावा, ते पाणी दाट विणीच्या कापडातून गाळावे, आणि कापडावर राहिलेले भिंगातून पाहावे. वाळू, शिंपल्यांचे कण, बारीक जीव आणि त्यांत मधूनच निळे, हिरवे वा तांबडे तंतू दिसतील. परंतु सावध! कापडाचे व मुलांच्या अंगावरील कपड्यांचे धागेही त्यात पडतात. म्हणून प्रथम नुसते पाणी त्याच कापडातून गाळून किती धागे दिसतात ते मोजावे, आणि ती संख्या नंतर वजा करावी. आपल्याच साधनाची प्रथम परीक्षा घेणे, ही विज्ञानाची पहिली शिस्त होय. ती चौथीच्या मुलासही समजते.

खडपावर सहल न्यावयाची असल्यास पुढील नियम कटाक्षाने पाळावेत. पावसाळ्यात जाऊ नये. ओहोटीची वेळ गावातील जाणत्या मच्छीमारास विचारून निश्चित करावी. ती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे लक्षात असावे. पाणी चढू लागण्यापूर्वी सर्व मुले पुळणीवर परत आलेली असावीत. बरोबर गावातील एक-दोन वडीलधारी माणसे घ्यावीत. कालवे काढावयास नित्य खडपावर जाणाऱ्या एखाद्या आजी सोबत आल्या, तर त्यांच्याइतका उत्तम मार्गदर्शक दुसरा नाही. त्या जे सांगतील ते मुलांनी वहीत उतरवून घ्यावे. जिवंत शैवाल उपटू नये. पाहावे, चित्र काढावे, व जागच्या जागी सोडावे. अभयारण्याच्या हद्दीतून कोणतीही वस्तू आणू नये.

किनारा-स्वच्छतेसंबंधी माझे सांगणे आता पूर्वीहून वेगळे आहे. मोठ्या वस्तू प्रथम उचलाव्यात : दोर, जाळ्यांचे तुकडे, पिशव्या, थर्माकोल. त्या आज अखंड आहेत तोवर उचलल्या, तर उद्या त्यांचे हजार कण होणार नाहीत. उन्हाने कुरकुरीत झालेले प्लॅस्टिक पायाने तुडवू नये, दोन्ही हातांनी अलगद उचलावे. खराट्याने पुळण झाडू नये. भरतीने आणलेले शैवाल झटकून, त्यातील दोर व तंतू शक्य तेवढे सोडवून, तेथेच राहू द्यावे. त्याच्या आडोशाला वाळूतील बारीक जीव राहतात, ते पक्ष्यांचे खाद्य आहेत, आणि त्यात वाळू अडकून किनाऱ्यास आधारही मिळतो. ढीग कधीही पेटवू नये. प्लॅस्टिकचा धूर मुलांच्या छातीस अपायकारक असून अर्धवट जळलेले तुकडे पुन्हा वाळूतच मिसळतात. गोळा केलेले प्लॅस्टिक ग्रामपंचायतीच्या कचरा-व्यवस्थेकडे सोपवावे व किती पोती दिली त्याची नोंद शाळेने ठेवावी.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्या व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकण्याच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर साऱ्या देशात बंदी आली. कायदा आपल्या बाजूस आहे. परंतु कायद्याची अंमलबजावणी घरच्या बाजारपिशवीपासून होते, आणि ती पिशवी घरातून निघताना आठवण करून देणारे मूल आपल्या वर्गात बसलेले आहे.

समारोप

भाषण संपविण्यापूर्वी त्या शाळेची हकीकत पुरी करतो. काही काळाने मी तेथे पुन्हा गेलो. भेटवही मागवून घेतली व जुने पान काढले. माझा शेरा मी खोडला नाही. भेटवहीत खाडाखोड करू नये हा नियमच आहे. त्या दिवसाच्या तारखेने नवा शेरा लिहिला : 'पूर्वीच्या भेटीत किनारा-स्वच्छतेविषयी दिलेला अभिप्राय अपुऱ्या माहितीवर आधारलेला होता. शैवाल हा कचरा नव्हे. ते न उपटता व न जाळता केवळ प्लॅस्टिक उचलावे.' मुख्याध्यापकांनी तो वाचला, क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि मग सर्व वर्गांत तो वाचून दाखविण्याची परवानगी मागितली. मी ती आनंदाने दिली.

ती मुलगी तोवर हायस्कुलात गेली होती, म्हणून तिला उत्तर देण्याचे राहून गेले. ते उत्तर मी आज तुम्हांजवळ देतो; कारण तिच्यासारख्या अनेक मुली तुमच्या वर्गांत आहेत. 'होय बाळ, त्याला त्रास होतो. तुला काटा बोचल्यावर दुखते, तसा नव्हे. ते सर्वांगाने जेवते, सर्वांगाने श्वास घेते आणि सर्वांगाने ऊन खाते; म्हणून त्याच्या अंगावर जे बसते, ते त्याच्या जेवणाच्या व श्वासाच्या वाटेत बसते. तू तो दोरा सोडवीत होतीस, ते योग्यच करीत होतीस.'

शिक्षकास सर्व ठाऊक असावे, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु मुलाने विचारलेला प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. येत्या हिवाळ्यात आपल्या केंद्रातील प्रत्येक समुद्रकाठच्या शाळेने एकदा ओहोटीच्या वेळी खडपावर जावे, आतल्या भागातील प्रत्येक शाळेने आपला ओहोळ पाहावा, आणि दोन्हीकडील मुलांनी काय पाहिले ते परस्परांस पत्रांनी कळवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.